क्रॉसला शिव्या घालण्याआधी गाडीखाली जाऊन बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उसाचा सीझन सुरू झाला की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, घाटात ट्रक बंद पडला आणि दोन्ही बाजूला वाहनांच्या रांगा लागल्या. कधी आंबा घाट, कधी फोंडा, कधी गगनबावड्याकडं. कारण काय तर 'तांत्रिक बिघाड', संपली बातमी. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या शाफ्टचं काम आहे, म्हणजे तो तांत्रिक बिघाड टेम्पोत घालून शेवटी आमच्यासारख्यांच्याच दारात आणून टाकतात, म्हणून म्हटलं एकदा लिहावं, छापलं तर बरं, नाही छापलं तरी राग नाही.

ह्या बिघाडामागं पुष्कळदा क्रॉस असतो. ट्रकवाल्यांना हे सांगायची गरज नाही पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, इंजिन आणि गियरबॉक्स चेसिसला पक्के बसवलेले असतात आणि मागच्या चाकांचं हौसिंग पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांवर टांगलेलं, ते खड्ड्यात खालीवर होतं, मग इंजिनाची ताकद मागं न्यायला जो लांब पाईप फिरतो त्या प्रोपेलर शाफ्टला फिरता फिरता वाकताही यायला पाहिजे. त्यासाठी टोकांना युनिव्हर्सल जॉइंट आणि त्या जॉइंटच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस. क्रॉसला चार दांड्या, प्रत्येक दांडीवर एक कप आणि कपाच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग. आता हिशेब बघा, समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 700 न्यूटन मीटर आहे आणि पहिल्या गियरला तो आठ पट होतोय, म्हणजे 5600 झाले, आणि हे सगळं तळहातावर मावणाऱ्या त्या तुकड्यावरनं जायचं, तेही गाडी भरलेली आणि समोर चढ असताना.

तरीसुद्धा चांगल्या कंपनीचा क्रॉस नीट सांभाळला तर लाखभर किलोमीटर आणि त्याच्याही पुढं जातो. मग आमच्याकडं तीच गाडी दोन महिन्यात परत का येते? मालक आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "माल डुप्लिकेट निघाला." बाजारात डुप्लिकेट माल आहे, नाही असं मी म्हणत नाही, हुबेहूब डबी आणि आत कच्चं पोलाद, असलं बघितलंय. पण माझं स्पष्ट मत आहे की डुप्लिकेटच्या नावावर जेवढं खपवलं जातं त्यातलं बरंचसं आपलंच पाप असतं, कारण गेलेला क्रॉस कशामुळं गेला हे बघायला कुणाला टाइम नाही, जुना ठोकून काढला, नवा ठोकून बसवला, गाडी सोडली. ज्या कारणानं पहिला मेला तेच कारण गाडीखाली तसंच बसलेलं असतं, ते दुसऱ्यालाही खातं.

निघालेला क्रॉस फेकू नका, हातात घेऊन बघा, तो बोलतो. चारही कप काढून कापडानं पुसायचे. पुष्कळदा असं दिसतं की तीन दांड्या गुळगुळीत, आरशासारख्या, आणि चौथीवर दांडीच्या लांबीनं रेघा, एकाशेजारी एक, सुयांच्या अंतराएवढ्याच अंतरावर, नख फिरवलं की नख अडकतं. त्या कपात बोट घातलं तर ग्रीसच्या जागी विटकरी रंगाची भुकटी. ग्रीस सुकलं, पाणी शिरलं, गंज चढला आणि त्या गंजातच सुया घासत राहिल्या. आता ह्यात कंपनीचा काय दोष, चार दांड्या एकाच कारखान्यातनं एकाच दिवशी आल्यात, तीन चांगल्या आणि एकच खराब असेल तर ती एक उपाशी राहिली एवढंच.

ती उपाशी का राहते ते सांगतो, कारण ग्रीसिंग तर सगळेच करतात आणि बिलपण देतात. निप्पलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, पंप लावला, दोन दाब मारले, कुठनं तरी एका सीलमधनं ग्रीस बाहेर आलं, झालं, पुढच्या निप्पलला. पण ग्रीस जिथं वाट सोपी असेल तिथनंच जाणार ना, एका कपाचं सील ढिलं असेल तर बरंचसं तिथनंच बाहेर आणि बाकीच्यांतला एखादा कोरडा. पद्धत अशी आहे की चारही सीलमधनं जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारत राहायचं. एखाद्या कपातनं येतच नसेल तर शाफ्ट हातानं इकडंतिकडं, वरखाली हलवायचा आणि परत मारायचं, तरी नाही आलं तर त्या कपाचे बोल्ट थोडे ढिले करून मारायचं आणि मग बोल्ट परत टाइट करायचे, ते विसरायचं नाही. आणि तरीही नाहीच आलं तर क्रॉस खोलायचा, कारण आतलं भोक चोंदलंय. आणि चारीतनं आलं की नाही हे खाली झोपून चारी बाजूनं बघितल्याशिवाय कळत नाही, उभ्या उभ्या ग्रीसिंग करणाऱ्याला ते दिसणारच नाही. स्लायडिंगच्या स्प्लाइनला, म्हणजे शाफ्ट जिथं दातांवर सरकून लांब-आखूड होतो तिथं, आणखी एक निप्पल असतो, तो तर मातीखाली झाकूनच गेलेला असतो, कित्येक ड्रायव्हरना तिथं निप्पल आहे हेच माहिती नसतं. ती स्प्लाइन सुकली की हौसिंग मागंपुढं झाल्यावर शाफ्टला लांब-आखूड होता येत नाही आणि तो सगळा रेटा जातो क्रॉसच्या टोकांवर.

ग्रीसपण कुठलं? सुट्टं, किलोवर मिळणारं, डब्याचं झाकण उघडं आणि वर धूळ. साधं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस पाट्याच्या पिनांना चालतं, क्रॉसला लिथियमचं ईपी ग्रीस पाहिजे, दोन नंबरचं, जे दाब आणि उष्णता दोन्ही सोसतं. कॅल्शियमवालं शंभर अंशाच्या आसपास पातळ होऊन निघून जातं, लिथियमवालं त्याच्या बरंच पुढं टिकतं. किलोमागं वाचतात किती आणि जातात किती, हिशेब तुम्हीच करा. काही नव्या गाड्यांना निप्पल नसलेले सीलबंद जॉइंट येतात, तिथं हा प्रश्न नाही पण सील फाटलं की सगळा जॉइंटच बदलावा लागतो.

पाण्याचं आलंच आहे तर, सर्व्हिसिंगला गाडी लावली की पोरं प्रेशरचा पाईप धरून थेट जॉइंटवरच मारतात, चिखल निघतो, चकचकीत दिसतं, आणि पाणी सील दाबून आत जातं. गाडी धुतली की त्याच दिवशी ग्रीसिंग, हा नियम जुन्या ड्रायव्हर लोकांना पाठ होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा काय रांगा लागल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. गोडावनजवळ, पेट्रोल पंपावर ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांच्या मालकांनी इंजिन ऑइल बदललं, हौसिंगचं ऑइल बदललं, विमावाल्यामागं पळापळ केली, पण जॉइंटकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. गाळ मिसळलेलं पाणी सुयांत राहिलं की पॉलिश पेपरचं काम करतं. पूर ओसरल्यावर पुढं बरेच दिवस तसले विटकरी कप आमच्याकडं येत होते.

आता जो विषय सगळ्यात कमी लोकांना माहिती आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त क्रॉस खातो तो, अँगल. युनिव्हर्सल जॉइंटची एक खोड आहे, तो वाकून फिरायला लागला की पुढची बाजू एकसारख्या स्पीडनं फिरली तरी मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा फास्ट आणि दोनदा स्लो होते. दहा अंश वाकला असेल तर दीड टक्क्याच्या आसपास वर आणि तेवढंच खाली. ऐकायला किरकोळ वाटतं पण शाफ्ट 2000 आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला 2000 फेरे, फिरत असेल तर सेकंदाला 66 वेळा हा हिसका बसतोय. ह्याला उपाय म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा जॉइंट असतो, तो तेवढाच पण उलट हिसका देऊन पहिल्याचा हिसका मारतो आणि हौसिंगला सरळ फिरणं मिळतं. पण हे कधी, तर दोन्ही जॉइंटचे अँगल सारखे असतील तेव्हाच, फार तर एखाद अंशाचा फरक, आणि दोन्ही योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे, कान एका रेषेत असतील तेव्हाच. मोठ्या शाफ्टला मधी आधाराला सेंटर बेअरिंग असतं तिथं तिन्ही जॉइंटचा हिशेब एकमेकांशी जुळावा लागतो.

आणि आपण काय करतो? माल जास्त भरायचा म्हणून पाटेवाल्याकडं जाऊन दोन पाटे जादा टाकतो. चेसिस वर उचलली जाते, हौसिंग आहे तिथंच, मागच्या जॉइंटचा अँगल वाढला. पाटा आणि हौसिंगच्या मधी कंपनीनं निमुळती पट्टी दिलेली असते, पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या हौसिंगमधल्या गियरचं, तोंड किती वर राहावं हे ती ठरवते, काम करताना ती एक तर उलटी बसते नाही तर भंगारात जाते. हौसिंग पाट्याला आवळणारे यू बोल्ट टाइट केल्यावर भरलेली गाडी थोडी चालवून परत टाइट करायचे असतात, ते कोण करत नाही, हौसिंग सीटवर सरकतं. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं की शाफ्ट मधी खाली लोंबतो, ते रबर बदलायला कंटाळा म्हणून ट्यूबची पट्टी गुंडाळलेली मी बघितली आहे. बॉडी लांब करायची म्हणून चेसिस वाढवून शाफ्टला मधी पाईप जोडून आणणारे तर वेगळेच महाभाग, शाफ्ट जेवढा लांब तेवढा तो कमी स्पीडला थरथरायला लागतो, तिथं नुसतं वेल्डिंग करून भागत नाही, बॅलन्सिंग लागतं. ह्यातलं काही असलं की सोन्याचा क्रॉस आणून बसवा, जाणारच.

गंमत म्हणजे अगदी सरळ शाफ्टसुद्धा वाईट. जॉइंट बिलकुल वाकला नाही तर सुया जागच्या हलतच नाहीत, त्याच जागेवर ठोके खात राहतात आणि दांडीवर खाचा पडतात. अर्धा-एक अंश तरी पाहिजे आणि तीनच्या आत असेल तर आयुष्य चांगलं मिळतं. हल्ली मोबाइलमध्येसुद्धा लेव्हल मापायची सोय असते, गियरबॉक्सच्या फ्लँजवर, शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लँजवर मोबाइल टेकवून तीन आकडे घ्या, गाडी सपाट जागेवर पाहिजे, वजाबाकी करा. मिलिमीटरचं काम नाही, पण चार अंशाची चूक असेल तर तेवढ्यातसुद्धा उघडी पडते.

कान एका रेषेत हवेत म्हटलं ना, त्याची पण एक भानगड असते. क्लचप्लेटचं काम निघालं की शाफ्ट उतरतो, स्लायडिंग निसटून वेगळं होतं, आणि परत घालताना एकदोन दात पुढंमागं. दोन्ही भागांवर बाणाच्या खुणा असतात पण मातीखाली. काढायच्या आधी खडूनं नाही तर पंचनं खूण करा एवढंच सांगणं आहे. कारण मग होतं असं की क्लचचं काम करून गाडी बाहेर पडली आणि पन्नासच्या पुढं थरथर चालू, ड्रायव्हर म्हणतो टायरचं बॅलन्सिंग बघा, मालक टायरवाल्याकडं पैसे घालवतो आणि इकडं क्रॉस मरायला टेकलेला असतो.

उसाच्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. फडातनं गाडी बाहेर काढताना चाक रुततं, ड्रायव्हर ॲक्सिलेटर दाबून धरतो आणि क्लच फटकन सोडतो, चाक चिखलात गरागरा फिरतं आणि मधीच एखादा दगड नाही तर पाचट सापडलं की चाक गप्पकन पकड घेतं. त्या क्षणाला शाफ्टवर जो मार बसतो तो घाटातल्या चढापेक्षा कितीतरी जास्त, आणि क्रॉसवरच्या त्या रेघांचा जन्म पुष्कळदा तिथंच होतो. मोडतो मात्र चार दिवसांनी घाटात, म्हणून दोष घाटाला. ज्यांच्याकडं ट्रॅक्टरला रोटाव्हेटर आहे त्यांना हे लगेच पटंल, बांधाला वळताना पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, बंद न करता रोटर उचलला की क्रॉसचं काय होतं ते. फडातल्या ट्रकला सरळ दुसरा ट्रॅक्टर लावा, साखळी आधी ताणून घ्या आणि मग हळू ओढा, हिसका मारू नका.

ओव्हरलोडबद्दल मी बोलायचं म्हणजे ट्रकवाले माझ्यावर चिडणार. 2018 च्या जुलैत केंद्रानं ॲक्सलवरचं वजन वाढवून दिलं, चार टायरच्या सिंगल ॲक्सलला 10.2 टनाचे 11.5 टन आणि दहा टायरीला एकूण 25 चे 28.5. झालं, त्याच्यावर परत आपले जादा टन आहेतच. गाडी जुनी, शाफ्ट जुन्या हिशेबाचा, भरती नव्या हिशेबाच्याही वर. भाडं परवडत नाही हे खरं आहे, डिझेलचे भाव, टोल, सगळं मला मान्य आहे, पण क्रॉसला ते कसं समजावायचं.

आणि आता आमच्याच धंद्यातल्या लोकांबद्दल, म्हणजे एकतर्फी होणार नाही. क्रॉस बसवताना घनानं ठोकाठोकी करणारे मिस्त्री अजून आहेत. घन मारला की कपातली एखादी सुई निसटून तळाला आडवी पडते, कप पूर्ण बसत नाही, लॉक कसंबसं ओढून बसवायचं, आणि क्रॉस हातानं हलवून बघितला तर जाम. जाम क्रॉस घेऊन गाडी सोडली की तो गरम होऊन जातो, बिलावर मात्र 'नवीन क्रॉस फिटिंग'. प्रेसवर बसवा, प्रेस नसेल तर दुसऱ्याकडं पाठवा, उद्यमनगरात प्रेसला काय तोटा आहे. दुसरं म्हणजे योकमधलं कपाचं घर ढिलं झालं असेल तर कपाला पत्रा गुंडाळून नाही तर घरात पंच मारून बसवतात, ही सगळ्यात वाईट सवय. कप आत फिरायला लागतो, क्रॉस मध्यापासनं सरकतो, शाफ्ट बॅलन्सच्या बाहेर, आणि एक दिवस कप उडतो. घर गेलं असेल तर योक बदला. ज्या गावात शिरोली आणि गोकुळ शिरगावला देशभरच्या गाड्यांचे पार्ट ओतले जातात त्या गावात पत्रा गुंडाळून जॉइंट बसवावा ह्याची मला तरी लाज वाटते.

कप उडाला की काय होतं हेही सांगितलं पाहिजे, कारण मग हा फक्त मालकाच्या खर्चाचा विषय राहत नाही. मागचा जॉइंट सुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर आपटत फरफटत जातं. पुढचा सुटला तर टोक खाली पडून रस्त्यात घुसायला बघतं, आणि फिरता शाफ्ट अर्धवट लटकत राहिला तर हवेच्या पाईपा, टाकी, जे सापडंल त्याला झोडपतो. हवेचे पाईप गेले की ब्रेकचं काय ते ट्रकवाल्यांना माहिती आहे. चढावर चाकांना जाणारी ताकद एकदम बंद, उतारावर इंजिनाचा धरून ठेवणारा जोर बंद, आणि मागं एसटी, मोटरसायकली. शाफ्टखाली संरक्षक पट्टा असतो तो बऱ्याच गाड्यांचा काढून टाकलेला असतो, का तर शाफ्ट उतरवताना मधी येतो.

जॉइंट एकदम जात नाही हो, आधी सांगतो. गाडी हळू चालताना खालनं चिर्र चिर्र असा चिमणीसारखा आवाज आला म्हणजे कप कोरडा आहे. गियर टाकून क्लच सोडताना खट्ट झालं म्हणजे खेळ पडलाय. ठराविक स्पीडलाच केबिन थरथरली म्हणजे अँगल, बॅलन्स किंवा खुणा, तिन्ही बघा. गाडी सपाट जागी, चाकाला उटी, इंजिन बंद, आणि खाली जाऊन शाफ्ट जॉइंटजवळ धरून वरखाली उचलून बघायचा, गोल फिरवून नाही, गोल फिरवल्यावर जो खेळ लागतो तो गियर आणि हौसिंगमधल्या क्राऊन चाकाचा पण असतो आणि त्यात माणूस फसतो. वरखाली जरासुद्धा हललं तर क्रॉस बदलायचा. आणि फक्त ग्रीस मारून आवाज बंद झाला म्हणून खूश व्हायचं नाही, पडलेल्या रेघा ग्रीसनं भरून निघत नाहीत.

शेवटी एक मागणी, ह्यासाठीच खरं तर पत्र. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आवारात सीझनला उसाच्या गाड्या काट्यापासनं गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस उतरवतात तिथपर्यंत, तासन् तास, कधी कधी रात्रभर नंबरला उभ्या असतात. ड्रायव्हर बिचारा केबिनमध्ये झोपतो नाही तर मोबाइल बघत बसतो. त्याच आवारात एक सिमेंटचा रॅम्प, एक हवेवरचा ग्रीस पंप, चांगलं लिथियमचं ग्रीस आणि काम माहिती असलेला एक माणूस ठेवायला कारखान्याला कितीसा खर्च येणार? रिकामी झालेली गाडी बाहेर पडताना तिथनं जाऊ द्या, वीसएक मिनिटात जॉइंट, स्प्लाइन, सेंटर बेअरिंग सगळं बघून होतं. पैसे वाहतुकीच्या बिलातनं कापले तरी कोण नको म्हणणार नाही, आणि गाडी बंद पडून ऊस वाळला तर वजन घटतं ते शेतकऱ्याचं, म्हणजे त्याचाही फायदाच. ट्रकमालकांच्या संघटनेनं हा विषय सीझनच्या आधी कारखान्यांपुढं मांडावा. रॅम्प बांधायच्या आधी खालचा उजेड, पाणी निघायची सोय आणि चाकाला लावायच्या उट्या ह्याचा विचार करा, नाही तर रॅम्प होईल आणि त्याच्यावर पोती ठेवतील.

आपला,
एक शाफ्टवाला
उद्यमनगर, कोल्हापूर